पॅडवालं साडी शेपवेअर, सात महिन्यांनंतर

साडीच्या आत परकराऐवजी घालायचं, साइडला पॅड असलेलं हे शेपवेअर. गेल्या रविवारी याचं कमरेचं इलॅस्टिक उसवलं म्हणून लिहायला बसलोय. कापड-साइझ सगळं साइटवर आहेच. मी क्रॉसड्रेसर आहे, ऐरोलीला राहतो, घरीच साडी नेसतो आणि फोटो बायको काढते. ९४९ रुपयांना घेतलं होतं.

माझी तक्रार एकच, इलॅस्टिक. जेमतेम दीड इंचाची पट्टी दिलीय आणि ती सारखी गुंडाळत खाली येते. आपल्या पुरुषांची कंबर सरळसोट, पट्टीला अडकायला खाचच नाही, त्यात निऱ्या खोचल्या की त्यांचं सगळं ओझं त्याच पट्टीवर, दहा मिनिटांत ती बेंबीखाली आणि साइडचे पॅड मांडीवर. साडी बेंबीच्या बोटभर वर नेसली तर पाय लांब दिसतात, कंबर बारीक दिसते, आणि नेमकं तेच सगळं जातं. ज्याने हे बनवलं त्याने एकदा तरी कोणाला नेसवून तासभर चालवून बघायला हवं होतं!

कस्टमर केअरला तीनदा फोन केला. पहिल्यांदा तो मुलगा म्हणाला, "सर, मॅडमना फोन द्या, माप विचारायचंय." मी म्हटलं माप माझंच आहे, कंबर चौतीस. तो गप्प झाला, मग म्हणाला की सात दिवसांत रिटर्न करायला पाहिजे होतं. पुढच्या दोन्ही वेळी तेच उत्तर. मला वाईट वाटलं ते पैशापेक्षा त्या गप्प होण्याचं.

पण एका बाबतीत माझं मत बदललं. खालचा फिशकट, म्हणजे माशासारखा निमुळता घेर इतका अरुंद की सुरुवातीला मी चिडायचो, पाऊलच टाकता यायचं नाही. दोन-तीन महिन्यांनी फोटो आणि व्हिडिओ बघितले तर चाल आपोआप छोट्या पावलांची झालेली. आता मला तेच सगळ्यात आवडतं.

पॅडची कड जॉर्जेटमध्ये लगेच दिसते, कॉटनमध्ये लपते. ब्लाउजला व्ही गळा आणि पाऊण बाही ठेवा, पफ बाही नको, खांदे अजून रुंद होतात. फोटोला समोर तोंड करून ताठ उभं राहू नका, अंग थोडं तिरकं, वजन मागच्या पायावर, पुढचा गुडघा किंचित वाकलेला, कोपर कमरेपासून थोडं लांब म्हणजे मधे फट दिसते. हाताच्या पंजाची कड कॅमेऱ्याकडे धरा, मागची बाजू समोर आली की हात मोठा वाटतो. बालगंधर्वांचे (१८८८–१९६७) बायकांच्या भूमिकेतले जुने फोटो शांतपणे बघा, उभं कसं राहायचं, मान कशी धरायची ते मी तिथूनच शिकलो.

तर इलॅस्टिक. ठाण्याला जांभळी नाक्याच्या बाजारातून तीन इंची रुंद पट्टी आणली, ६० रुपये. टेलरकडे द्यायला आधी लाज वाटत होती, शेवटी धीर करून दिलं, सांगितलं माझंच आहे, त्यांनी फक्त "आत हुक पण लावू का?" एवढंच विचारलं. १२० घेतले. काल दोन तास कॉटनची साडी नेसून बसलो, उठलो, फोटो काढले, पट्टी जागची हलली नाही. म्हणजे ९४९ अधिक १८० असे ११२९ पडले, आणि आता कुठे ही वस्तू वापरण्यासारखी झालीय. घेणार असाल तर नवीन असतानाच आधी पट्टी बदलून घ्या.