समृद्धीवरून सहकुटुंब: रस्त्याला पैकीच्या पैकी, थांब्यांना निम्मे

आर्वी, धामणगाव, दारव्हा, कारंजा या पट्ट्यातून शिर्डी, नाशिक किंवा मुंबईकडे घरची गाडी काढायची म्हटलं की आता समृद्धी महामार्गच डोळ्यासमोर येतो. रस्ता म्हणून त्याला नाव ठेवायला जागा नाही. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ला सुरू झाला आणि ५ जून २०२५पासून ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंत सलग ७०१ किलोमीटर जाता येतं. मध्ये सिग्नल नाही, गावातले गतिरोधक नाहीत. दुचाकी, ऑटो, ट्रॅक्टर यांना आत प्रवेशच नाही. पण पेट्रोल, जेवण, संडास, सावली आणि पंक्चर या पाच गोष्टी धरून पाहिलं तर मार्क निम्म्यावर येतात. गाडीत आजी-आजोबा आणि लहान लेकरं असली की प्रवास सुखाचा झाला की नाही, हे या पाच गोष्टींवरच ठरतं. म्हणून हे परीक्षण रस्त्याचं नाही, थांब्यांचं आहे.

नागपूर-अमरावती-अकोला हा जुना रोड, म्हणजे पूर्वीचा सहा नंबर आणि आताचा ५३, त्यावर थांब्याचं नियोजन कोणी करतच नाही. फाटा आला की टपरी असते, टपरीपासून थोडं पुढे गेलं की पंप असतो. समृद्धी मात्र दोन्ही बाजूंनी बंद आहे. एकदा आत शिरलं की पुढच्या इंटरचेंजशिवाय बाहेर निघता येत नाही. पंप दोन्ही बाजूंना आहेत, पण ठरावीक ठिकाणीच. एखादा हुकला तर मागे वळायची सोय नाही. त्यामुळे टाकी, हवा, पाणी आणि डबा ही चार कामं आत जायच्या आधी, आपल्या गावच्या पंपावर आणि आपल्या घरात उरकायची. आर्वी-पुलगावकडच्यांना विरूळ, चांदूर रेल्वेवाल्यांना धामणगाव, नांदगाव खंडेश्वरकडच्यांना शिवणी आणि दारव्हा-दिग्रसवाल्यांना कारंजा हे इंटरचेंज सोयीचे पडतात. तिथं पोचेपर्यंत गाडी पूर्ण तयार असली पाहिजे.

टाकीचा हिशेब कंपनीच्या अ‍ॅव्हरेजवर करू नका. एर्टिगाची पेट्रोल टाकी ४५ लिटरची आहे. सात माणसं, वर कॅरिअरला बांधलेल्या बॅगा, एसी चालू आणि वेग ११० ते १२० असला तर लिटरला १४ धरा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८०चे १२० केले की तो सव्वादोन पट होतो, आणि कॅरिअरवर फडफडणारी ताडपत्री त्यात आणखी भर घालते. ४५ पैकी शेवटचे ८ लिटर हिशेबात घ्यायचेच नाहीत. राहिले ३७, म्हणजे ५१८ किलोमीटर. नागपूर ते शिर्डी ५२० आहे. कागदावर जेमतेम पुरतंय असं दिसणारा हिशेब रस्त्यावर कमीच पडतो, कारण बाहेर पडून जेवायला जाणं, पार्किंगमध्ये एसी चालू ठेवणं यात पेट्रोल जातंच. वॅगनआरची टाकी ३२ लिटरची. ६ लिटर राखून लिटरला १६ धरले तर ४१६ किलोमीटर होतात, म्हणजे जालन्याच्या आसपास भरणं आलंच. बोलेरोची टाकी ६० लिटरची असल्यामुळे डिझेलची चिंता कमी. पण पुढून सपाट असलेल्या या गाडीला वेगाचा फटका सगळ्यात जास्त बसतो. ती ९०वर ठेवली तर खर्च आणि आवाज दोन्ही आटोक्यात राहतात.

सोपा नियम असा की काटा निम्म्यावर आला की पुढे दिसेल तो पंप आपला. 'अजून चालेल' म्हणून पुढे ढकलायचं नाही.

सीएनजी गाडीवाल्यांनी हा सगळा प्रवास पेट्रोलवर होणार आहे असं धरूनच निघावं. विदर्भाच्या ग्रामीण भागात सीएनजी पंप विरळ, आणि जिथे आहेत तिथे रांग. सिलिंडरमध्ये गॅस २०० बार दाबाने भरतात. मे महिन्यात उन्हात तापलेल्या सिलिंडरमध्ये त्याच दाबाला गॅस कमी बसतो, त्यामुळे 'फुल' केल्यावरही नेहमीपेक्षा कमी अंतर मिळतं. शिवाय सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी लागते. तारखेची पट्टी जुनी असेल तर पंपावर गॅस नाकारतात. ही पट्टी निघण्याच्या आठवडाभर आधी बघा. गॅस भरताना सगळ्यांना खाली उतरावं लागतं, तेव्हा झोपलेलं लेकरू आणि गुडघे दुखणारी आजी यांचा विचार करून गॅसचा थांबा ठरवा.

पंपावर मीटर शून्यावर आहे हे बघणं सगळ्यांना माहीत असतं. त्याशिवाय शंका आली तर पाच लिटरच्या मापाने मोजून मागता येतं, तो ग्राहकाचा हक्क आहे. नोझल एकदा आपोआप थांबलं की काठोकाठ भरायला सांगू नका. उन्हाळ्यात पेट्रोल फुगतं, त्याला टाकीत जागा लागते.

आता टायर. समृद्धीवर जाणाऱ्या गाडीची सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच. जुन्या रोडवर ७०-८०ने चालणारं, मध्येच थंड होणारं टायर इथे सिमेंटच्या रस्त्यावर तासन्‌तास १००च्या वर फिरतं. हवा कमी असेल तर टायरची बाजू प्रत्येक फेरीला दबते, उठते, आणि त्या दबण्या-उठण्यातून उष्णता तयार होते. वरून ४५ अंशांचं ऊन. जुनं रबर तिथेच हात टेकतं. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर हवेचा तक्ता चिकटवलेला असतो. त्यात दोन माणसांसाठी आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी बहुतेक वेळा वेगवेगळे आकडे असतात. सहकुटुंब जायचं तर दुसरा आकडा बघायचा. 'उन्हाळा आहे, हवा कमी ठेवा' हा सल्ला पंक्चरवाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे देतात. तो चुकीचा आहे आणि या रस्त्यावर धोक्याचा आहे.

हवा सकाळी, टायर थंड असताना भरावी. शंभरेक किलोमीटर चालल्यावर मोजली तर ती चार-पाच पॉइंट जास्त दिसते. ते जास्तीचं काढून टाकलं तर थंड झाल्यावर टायर कमी हवेचं होतं. स्टेपनीची हवा विसरू नका. टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं उलटलेलं टायर, नक्षी कितीही शाबूत दिसली तरी, गावातल्या गावात ठीक, इथे नको. नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, पण पावसाळ्यात जायचं असेल तर त्याच्या दुप्पट तरी असावी. इंटरचेंजवर आरटीओचे लोक टायर तपासताना दिसले तर वैतागू नये, ते आपल्याच जिवाचं काम करत असतात.

आता मुख्य मुद्दा, थांबायचं कुठे. दर दोन तासांनी किंवा १५० किलोमीटरवर, जे आधी होईल तेव्हा, गाडी थांबलीच पाहिजे. सरळ, एकसुरी सिमेंटच्या रस्त्यावर डोळे उघडे राहतात आणि डोकं पेंगतं. महामार्गावरच्या पंपांजवळ चहा, नाश्ता, संडास मिळतो. घाईत एवढं पुरतं, पण जेवणासाठी आणि म्हाताऱ्या माणसांना पाय मोकळे करायला ते अपुरं आहे. सुविधा रस्त्याच्या मागून आल्या आणि अजूनही गर्दीच्या मानाने थोड्या आहेत. सणासुदीला आणि सुट्ट्यांत बायकांच्या संडासापुढची रांग चहाच्या रांगेपेक्षा मोठी असते.

म्हणून जेवणाला बाहेर पडा. इथला टोल अंतरावर आहे. मोटारीला १ एप्रिल २०२५पासून किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे, आणि तो बाहेर पडताना कापला जातो. त्यामुळे कारंजाला बाहेर पडून, जेवून परत आत शिरलं तरी एकूण टोलमध्ये फारसा फरक पडत नाही, वेळ तेवढा जातो. हे माहीत नसल्यामुळे कित्येक कुटुंबं आतच उपाशी बसतात. फास्टॅगमध्ये मात्र पुरेशी रक्कम हवी. नागपूरहून थेट आमणेपर्यंतचा आकडा १४४५च्या आसपास जातो, जाऊन-येऊन तीन हजार धरा. फास्टॅगचा वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे, समृद्धीवर चालत नाही. पास काढलाय म्हणून खातं रिकामं ठेवून निघालं तर बाहेर पडताना अडकायला होतं.

कारंजा लाड नागपूरहून सुमारे १८० किलोमीटर. नागपूर-वर्ध्याकडून पहाटे निघालेल्यांना पहिला मोठा थांबा म्हणून हे सगळ्यात चांगलं. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान असल्यामुळे गुरुमंदिराला बारमाही भाविक असतात, त्यामुळे साधं शाकाहारी जेवण, सावली आणि बसायला जागा मिळते. म्हाताऱ्यांचं दर्शन होतं, लेकरांचे पाय मोकळे होतात.

पुढचा थांबा मेहकर, नागपूरहून सुमारे २८०वर. शारंगधर बालाजीचं देऊळ बघण्यासारखं आहे. इथून लोणार जवळ आहे म्हणून 'जाता जाता सरोवर बघून घेऊ' असा बेत बरेच जण करतात. तो करू नये. लोणारला अर्धा दिवस लागतो, आणि मग शिर्डीला पोचायला रात्र होते. लोणार बघायचं तर तिथेच मुक्काम ठेवा. सिंदखेडराजा मात्र तासाभरात होतं. जिजाऊंचं जन्मस्थान असलेला लखुजी जाधवांचा वाडा शाळकरी लेकरांना दाखवायलाच हवा.

निघायची वेळ पहाटे पाचची. 'रात्री दोनला निघू, ऊन लागणार नाही' हा आपल्याकडचा आवडता बेत साफ मोडीत काढा. रात्री दोन ते पाच या वेळेत शरीर झोप मागतंच, चहाने ती जात नाही. १ जुलै २०२३ला सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले, तीही मध्यरात्रीनंतरचीच वेळ होती. दुपारी एक ते तीनचंही तसंच. ड्रायव्हरने अर्धं पोट जेवावं, तर्रीवरून हात आखडता घ्यावा आणि गाडी सावलीत लावून वीस मिनिटं पडावं. लेकरं मात्र गाडीत सोडून जाऊ नये, काचा थोड्या उघड्या असल्या तरी नाही. बंद गाडी काही मिनिटांत भट्टी होते.

संडासाची सोय हा थांब्याचा खरा कस. पंपावरच्या संडासाला कुलूप दिसलं तर केबिनमध्ये किल्ली मागा, ती सोय देणं पंपाचं काम आहे. हवा आणि पिण्याचं पाणीही फुकटच. सोबत साबण, दोन लिटरची वेगळी बाटली आणि छोटी बॅटरी ठेवा. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी घडीची कमोड खुर्ची डिकीत ठेवावी. हजार गोष्टी नेतो, ही एक नेत नाही, आणि मग आजी दिवसभर पाणीच पीत नाही. उन्हाळ्यात ते फार वाईट. माणशी दोन लिटर पाणी आणि ओआरएसची चार-पाच पाकिटं असू द्या. ज्या लेकरांना गाडी लागते, त्यांना निघण्याआधी तेलकट देऊ नका. पोळी-भाजी, दहीभात, मुरमुऱ्याचा चिवडा हाच डबा बरा.

पंक्चर झालं किंवा गाडी बंद पडली तर ती अगदी डाव्या कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा आणि सगळ्यांना कठड्याच्या पलीकडे उभं करा. गाडीत बसून वाट बघायची नाही. मागे किमान ५० मीटरवर, रात्री त्याहून लांब, लाल त्रिकोण ठेवा. समृद्धीच्या मदतीचा नंबर रस्त्यावरच्या फलकांवर असतो, तो आत शिरतानाच फोनमध्ये टिपून घ्या. १०३३ हा नंबर राष्ट्रीय महामार्गांचा आहे. ॲम्ब्युलन्सला १०८, पोलिसांना ११२. फोटो काढायला, लेकराला लघवीला न्यायला म्हणून कडेला थांबणं हा या रस्त्यावरचा सगळ्यात महागात पडणारा थांबा.

अकोला, मूर्तिजापूर, खामगावकडच्यांना जळगाव-धुळ्याकडे जायचं असेल तर जुना रोडच बरा. अमरावती-अकोला दरम्यानचं ७५ किलोमीटरचं डांबरीकरण जून २०२२मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि त्याची गिनीजमध्ये नोंद आहे. पंप, गॅरेज, जेवण कशाचीच वाण नाही. शेगावला दर्शन आणि प्रसाद होतो. कचोरी येताना खावी, जाताना नाही, पुढे दिवसभर गाडी चालवायची असते. दिवेलागणीला मात्र वेग ६०वर आणा. रोही, म्हणजे नीलगाय, शेतातून उडी मारून येतं तेव्हा ब्रेकला वेळ मिळत नाही. यवतमाळ, उमरखेडकडून तुळजापूर-पंढरपूरला जाणाऱ्यांसाठी ३६१ नंबरचा नागपूर-तुळजापूर महामार्ग आहे. त्यावर गावं लागत राहतात, त्यामुळे थांब्याची अडचण नाही.

मुंबईपर्यंत जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. इगतपुरीनंतर जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे, त्यात थांबता येत नाही. आणि आमण्याला समृद्धी संपली की भिवंडीकडची ट्रकांची गर्दी सुरू होते, तिथे किती वेळ जाईल ते सांगता येत नाही. पेट्रोल, संडास आणि संध्याकाळचा चहा इगतपुरीच्या अलीकडेच उरकून घ्या.