टनेल बोटीचा प्रॉप: एक्स-४४० आणि एक्स-४४२ अनेक महिने वापरल्यानंतर

रिमोटवर चालणाऱ्या आउटबोर्ड टनेल बोटीसाठी (मागे बाहेरून मोटर लावलेली, तळाशी बोगद्यासारखी पोकळी असलेली शर्यतीची छोटी बोट) प्रॉप म्हणजे पाण्यातला पंखा निवडताना बहुतेकांचा कल मोटर ओढू शकेल तेवढा मोठा व्यास घेण्याकडे असतो. माझा अनुभव नेमका उलट आहे: वळणावर पाणी धरून ठेवणारा सर्वांत लहान प्रॉप हाच बोटीचा खरा प्रॉप. पावसाळा संपल्यापासून मी चार सेलच्या लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीवर चालणाऱ्या, साधारण ७० सेंटीमीटर लांबीच्या बोटीवर ऑक्टुरा कंपनीचे एक्स-४४० आणि एक्स-४४२ हे दोन पात्यांचे प्रॉप आलटूनपालटून वापरत आहे. सोबत एक तीन पात्यांचा ॲल्युमिनियमचा प्रॉप आणि मोटरबरोबर आलेला प्लास्टिकचा प्रॉपही चालवून पाहिला.

ऑक्टुराच्या या मालिकेत क्रमांकावरूनच प्रॉप कळतो. पहिला ४ म्हणजे पिच (एका फेऱ्यात प्रॉप हिशेबाने जेवढा पुढे सरकतो ते अंतर) व्यासाच्या १.४ पट आणि पुढचे दोन आकडे म्हणजे व्यास मिलिमीटरमध्ये. त्यामुळे एक्स-४४० चा पिच ५६ मिलिमीटर होतो आणि एक्स-४४२ चा ५८.८. माझी मोटर १८०० केव्हीची (एका व्होल्टला मिनिटाला १८०० फेरे) आहे, १४.८ व्होल्टवर कागदोपत्री तिचे मिनिटाला २६,६४० फेरे होतात, पण पाण्याचा भार पडला की ते २२,००० च्या आसपास उतरतात असे धरून मी हिशेब करतो. या फेऱ्यांवर एक्स-४४० चा सैद्धांतिक वेग ताशी सुमारे ७४ किलोमीटर येतो आणि एक्स-४४२ चा सुमारे ७८; प्रत्यक्षात स्लिपमुळे, म्हणजे प्रॉप पाण्यात घसरल्यामुळे, दोन्ही आकडे खाली येतात.

वेगातील हा फरक जेमतेम पाच टक्क्यांचा आहे. आता त्यासाठी मोजावी लागणारी शक्ती पाहा. एकाच घडणीच्या प्रॉपना तेवढ्याच फेऱ्यांवर लागणारी शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते, म्हणजे ४० वरून ४२ मिलिमीटरवर गेल्यास ती सुमारे २८ टक्क्यांनी जास्त लागते, आणि कोणी हौसेने एक्स-४४५ लावला तर ८० टक्क्यांनी. एवढा करंट ओढला की बॅटरीचा व्होल्टेज बसतो, फेरे घटतात आणि वाढीव पिचमधून मिळालेले ते पाच टक्के तिथेच जिरतात. माझ्या बोटीच्या जीपीएसवर सरळ रेषेत दोन्ही प्रॉपमधला फरक नगण्य दिसतो. मोटरला हात लावल्यावर मात्र तो लगेच कळतो. साध्या प्रतीच्या निओडिमियम चुंबकांची सहनशक्ती ८० अंश सेल्सियसच्या आसपास संपते, हे मुंबईच्या एप्रिल-मे महिन्यांत विसरून चालत नाही, कारण तेव्हा कूलिंगच्या नळीत शिरणारे पाणीच कोमट असते.

बोट कुठे चालवणार, हा प्रश्न प्रॉपच्या निवडीत माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त महत्त्वाचा ठरला. पवई तलावात जलपर्णीही आहे आणि मगरीही, त्यामुळे बंद पडलेली बोट आणायला पाण्यात उतरण्याचा विचारच नको. माझी बोट मुख्यतः वसईतील ओळखीच्या वाडीतल्या मोठ्या बावखलात (गोड्या पाण्याच्या तळ्यात) आणि भरतीच्या वेळी गोराईच्या खाडीत चालते. बावखलात पल्ला कमी आणि वळणे जास्त. वळणावर बोट एका बाजूला कलते, प्रॉप हवा ओढतो, फेरे एकदम चढतात आणि बोट मात्र जागच्या जागी बसल्यासारखी होते. इथे व्यासाने नव्हे, तर पात्याच्या मागच्या कडेला दिलेल्या हलक्या कपने, म्हणजे किंचित वळवलेल्या कडेने, काम साधते. कप दिलेला एक्स-४४० वळणातून बाहेर पडताना कप नसलेल्या एक्स-४४२ पेक्षा लवकर पाणी पकडतो, आणि फेरीची वेळ तिथेच ठरते. कपमुळे प्रभावी पिच थोडा वाढतो, म्हणून तो देताना हात आखडता ठेवावा.

खाडीत लांब पल्ला मिळतो, पण निर्माल्याच्या माळा, पिशव्या आणि नायलॉनचे दोरे यांचा त्रास असतो. प्लास्टिकचा प्रॉप तिथे पहिल्याच अडथळ्याला गेला; तसाही तो पूर्ण फेऱ्यांवर वाकून आपला पिच गमावतो, त्यामुळे त्याचा उपयोग नवी बोट तरंगते की नाही हे पाहण्यापुरता. ॲल्युमिनियमचा तीन पात्यांचा प्रॉप सुटताना आणि वळताना फार गुळगुळीत वाटला, परंतु स्टेनलेसच्या शाफ्टवर खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम झिजते आणि दर वेळी गोड्या पाण्याने धुऊनही त्याच्या बोअरभोवती (शाफ्ट बसतो त्या भोकाभोवती) पांढरी भुकटी धरू लागली. ऑक्टुराचे प्रॉप ज्या बेरिलियम कॉपरचे असतात, त्याला ही तक्रार नाही.

ऑक्टुराच्या प्रॉपची तयारी मात्र मनावर घ्यावी लागते. हे प्रॉप साच्यातून निघाल्यासारखे खडबडीत येतात. धार आणि बॅलन्स आपल्यालाच करायचा असतो, आणि आयात शुल्क भरून आलेल्या वस्तूवर लगेच कानस चालवणे जिवावर येते. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर बारीक कानशी आणि ४०० पासून १२०० नंबरपर्यंतचा वॉटर पेपर मिळतो, एवढे पुरते. धातू नेहमी पात्याच्या पुढच्या, फुगीर बाजूनेच काढावा, कारण पाणी मागे ढकलणारी बाजू बिघडली की पिचचा भरवसा राहत नाही. बेरिलियमची धूळ फुफ्फुसांना कायमची इजा करू शकते. म्हणून घासकाम नेहमी पाण्यात बुडवून, मास्क लावून करावे, ग्राइंडर कोरडा चालवू नये आणि घरात लहान मुले असतील तर हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यापासून दूर ठेवावे. बॅलन्स करण्यासाठी मी दोन समांतर ब्लेडवर पिन ठेवून जड पाते शोधतो. बॅलन्स झाल्यावर मोटरचा आवाज बदलतो आणि लोअर युनिटच्या (मोटरखालच्या, प्रॉप बसवलेल्या भागाच्या) बेअरिंगचे आयुष्य वाढते.

प्रॉप बदलला की मोटरची उंची पुन्हा लावावी लागते, ही गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. एक्स-४४२ वरून एक्स-४४० वर आल्यावर मला मोटर जेमतेम दीड मिलिमीटर खाली घ्यावी लागली. त्याआधी प्रॉप सतत हवा खात होता आणि दोष मी कपला देत होतो.

सध्या एक्स-४४० कायम बोटीवर आहे आणि तसाच दुसरा धार लावून डब्यात ठेवला आहे. एक्स-४४२ मी हिवाळ्यातील सकाळी, गार पाण्यात, लांब सरळ पल्ल्यासाठी आणि तेही दोन-तीन मिनिटांपुरताच लावतो. तीन सेलची बॅटरी किंवा जास्त केव्हीची मोटर असणाऱ्यांनी माझे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. आपले फेरे आणि पिच गुणून पाहावेत, आणि विकत घेताना त्यातून निघणाऱ्या व्यासापेक्षा एक पायरी लहान प्रॉपपासून सुरुवात करावी.