प्रोग्रेस बार उलटा चालला! ऑनलाइन कोर्सचं वर्षभराचं सबस्क्रिप्शन संपत आल्यावरचा अनुभव

मागच्या आठवड्यात लॉगिन केलं तर ९४ टक्क्यांवर असलेला प्रोग्रेस बार ६८ वर. वाटलं, पान नीट लोड झालं नसेल. रिफ्रेश केलं, लॉगआउट करून परत आत गेले, फोनवर बघितलं. ६८च. वर एक निळी पट्टी झळकत होती: ‘तुमचा कोर्स आता आणखी समृद्ध झाला आहे!’ म्हणजे यांनी रातोरात नवे धडे घुसवले आणि माझी टक्केवारी कापली. इकडे ऑफिसात वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्मला सर्टिफिकेट जोडायची मुदत तोंडावर आलेली, आणि शंभर टक्के झाल्याशिवाय सर्टिफिकेट उघडत नाही.

प्लॅटफॉर्मचं नाव मुद्दाम घेत नाही. कस्टमर केअरकडे टाकलेलं तक्रारीचं तिकीट अजून उघडं आहे. शिवाय यातलं बरंचसं इतर ठिकाणीही जसंच्या तसं लागू पडेल.

कोर्स एसक्यूएलचा, म्हणजे डेटाबेसमधल्या टेबलांतून हवी ती माहिती काढायच्या भाषेचा. व्हिडिओ, ब्राउझरमध्येच क्वेरी (त्या भाषेत डेटाला विचारलेला प्रश्न) लिहायचा सराव, क्विझ, शेवटी प्रोजेक्ट, हे सगळं तुम्हाला माहीतच असतं, त्यामुळे त्यात शिरत नाही. मी घेतला कारण दर महिन्याला तोच रिपोर्ट चार फाइलींतून कॉपी-पेस्ट करून आणि एक्सेलमधलं व्हीलुकअपचं सूत्र ओढून ओढून वैतागले होते. शिवाय डेटाच्या टीममध्ये जागा निघाली तर अर्ज करायला हातात काहीतरी असावं, हाही हिशेब होता. वार्षिक प्लॅन महिन्याच्या हिशेबाने स्वस्त पडतो म्हणून वर्षाचे पैसे एकदम भरले.

तर प्रोग्रेस बार. टक्के कापल्यावर मी जरा चिडूनच तपासायला बसले की हा भरतो तरी कसा. एक नवा व्हिडिओ उघडला, माउसने ओढून थेट शेवटाला नेला. हिरवी टिक! सरावाच्या प्रश्नात काहीही न लिहिता ‘उत्तर दाखवा’ दाबलं, आयतं उत्तर आलं, ‘पुढे’ दाबलं. टिक! थोडे पॉइंट कापले, पण टिक ती टिकच. क्विझमध्ये चुकलं की तेच प्रश्न, तेच पर्याय, त्याच क्रमाने पुन्हा येतात. चौथ्या खेपेला मांजरही पास होईल. तिथेही टिक. म्हणजे ज्याने घाम गाळून क्वेरी लिहिली आणि ज्याने नुसतं बोट चालवलं, दोघांचा बार अगदी सारखा. वर तो ठळक एवढा की पानाच्या माथ्यावर, ॲपच्या आयकॉनशेजारी, दर आठवड्याच्या मेलमध्ये, सगळीकडे तोच. मेलचा विषय ठरलेला: ‘तुम्ही ध्येयाच्या किती जवळ आहात!’ कुणाच्या ध्येयाच्या, ते विचारू नका.

या मंडळींना बार इतका प्रिय का, याचा थोडा अंदाज येतो. २०११ साली स्टॅनफर्डचा एआयचा कोर्स इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला झाला तेव्हा दीड लाखाहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं होतं. पुढच्याच वर्षी कोर्सेरा आणि एडएक्स हे ऑनलाइन कोर्सचे प्लॅटफॉर्म सुरू झाले. आता सगळं जग घरबसल्या शिकणार, अशी हवा होती. मग २०१९मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हार्वर्ड आणि एमआयटीच्या एडएक्सवरच्या कोर्सेसचे आकडे आले: २०१७-१८ साली भाग घेणाऱ्यांपैकी कोर्स पूर्ण करणारे जेमतेम ३.१३ टक्के. सर्टिफिकेटसाठी पैसे भरणाऱ्यांत हेच प्रमाण ४६ टक्के होतं. पैसे भरले की माणूस वसूल करायला बसतो, हे माझ्याकडे बघूनही सांगता आलं असतं. पण भरलेल्यांतलेही निम्म्याहून जास्त गळतात म्हटल्यावर बार, पॉइंट, रोजची स्ट्रीक (सलग किती दिवस न चुकता आलो याची मोजणी) असली खेळणी हातात देणं कंपनीला परवडतंच.

माझा राग खेळण्यांवर नाही. बार चुकीची गोष्ट मोजतो, त्यावर आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६चा प्रयोग शिकवण्याच्या क्षेत्रात बराच गाजलेला आहे. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकाच सत्रात वाचून मग आठवून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ विरुद्ध ७१ टक्के. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणारे ४० वर आणि आठवून लिहिणारे ६१ वर. दीडपट वेगाने व्हिडिओ बघून झाल्यावर ‘आलं की आपल्याला’ असं जे वाटतं ते पहिल्या पाच मिनिटांतलं असतं. बार नेमका त्याच पाच मिनिटांत टिक देऊन मोकळा होतो.

आता सराव. यांच्या पानावर क्वेरी जवळजवळ पूर्ण लिहिलेली असते, मधली एखादी रिकामी जागा आपण भरायची. सुरुवातीला बरं वाटतं. पण कामावर कुणी अर्धी क्वेरी लिहून ठेवत नाही. पहिल्यांदा कोरी खिडकी उघडली तेव्हा सुरुवात कुठल्या टेबलपासून करायची इथेच गाडी अडली होती, आणि कोर्समध्ये हा प्रश्न कधी आलाच नव्हता, कारण टेबलचं नाव आधीच छापलेलं.

दुसरं म्हणजे यांचा सरावाचा डेटा धुऊन-पुसून ठेवलेला. ऑफिसातला डेटा तसा नसतो. एकही ऑर्डर न दिलेल्या ग्राहकांची यादी मला हवी होती. ‘नॉट इन’ (दिलेल्या यादीत नसलेले) वापरून सरळ क्वेरी लिहिली. उत्तर: शून्य ओळी. एवढ्या ग्राहकांत एकही बसून राहिलेला नाही, हे पटेना म्हणून खोदलं, तर ऑर्डरच्या टेबलमध्ये एका ठिकाणी ग्राहक क्रमांक रिकामा, म्हणजे नल होता. ‘नॉट इन’च्या यादीत एक जरी नल आला तरी ‘हा ग्राहक यादीत नाही’ असं एसक्यूएल कुणाबद्दलच ठामपणे म्हणू शकत नाही. जे यादीत आहेत ते तर गळतातच, बाकीच्यांचं उत्तर खरंही नाही, खोटंही नाही, ‘अज्ञात’ असं येतं, आणि अज्ञात ओळी गाळल्या जातात. ‘नॉट एग्झिस्ट्स’ (जुळणारी ओळच नाही ना, एवढंच तपासणारं) वापरलं की काम होतं. कोर्समध्ये यावर एक छोटा व्हिडिओ आहे, मी तो पाहिलाही होता, टिकसुद्धा होती. सरावाच्या डेटात मात्र तसा नल एकही नाही, मग ते अंगवळणी पडणार कसं?

कस्टमर केअरचं थोडक्यात. चॅटबॉटला ‘प्रोग्रेस कमी झाली’ लिहिलं तर त्याने अभ्यासाचं वेळापत्रक कसं आखावं यावरचा लेख पाठवला. तिकीट टाकलं. ‘आपल्या शिकण्याच्या प्रवासाबद्दल अभिनंदन, नवे धडे पूर्ण करताच सर्टिफिकेट मिळेल’ असं उत्तर आलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा अभिनंदन.

इथवर लिहून दोन तारे द्यायचे असं ठरवून ठेवलं होतं. मध्येच एका खऱ्याखुऱ्या माणसाचं उत्तर आलं. त्याने सांगितलं की कोर्सच्या सेटिंगमध्ये ‘जुनी आवृत्ती’ निवडता येते. निवडली, बार ९४ वर आला, राहिलेले धडे उरकले, सर्टिफिकेट निघालं. (आधीच्या दोन्ही उत्तरांत हे एक वाक्य का मावलं नाही, ते तेच जाणोत. कापलेले पॉइंट परत देण्याचं तिकीट अजून लटकलेलं आहे.) पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्याच सेटिंगच्या तळाशी ‘मार्गदर्शन बंद’ असं एक बटण दिसलं. इतक्या महिन्यांत कुठल्याही मेलमध्ये त्याचा उल्लेख नाही. ते दाबलं की सराव विभागात नुसता प्रश्न, दोन-तीन टेबलं आणि कोरी खिडकी येते. सूचना नाहीत, ‘उत्तर दाखवा’ नाही. क्वेरी चालवली की निकाल बरोबर की चूक एवढंच सांगतात. चुकलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी परत येतो, जमला की काही दिवसांनी, मग आणखी लांबून. कल्पना जुनी आहे. झेबास्टियान लाइट्नर यांनी १९७२मध्ये पाठांतराची कार्डं खोक्यांत लावायची जी पद्धत मांडली तीच, इथे फक्त क्वेऱ्यांना लावलेली. आणि या विभागातला डेटा घाणेरडा आहे! रिकाम्या जागा, दोनदा आलेली नावं, तारखेच्या रकान्यात भलतंच काही.

लेफ्ट जॉइनची (डाव्या टेबलच्या सगळ्या ओळी ठेवून उजव्यातली जोडी लावणं) खोच मला इथेच कळली: उजव्या टेबलवरची अट ‘व्हेअर’मध्ये (ओळी गाळायच्या भागात) घातली तर जोडी न सापडलेल्या ओळी गळून जातात आणि लेफ्ट जॉइन नुसता नावापुरता उरतो, ती ‘ऑन’मध्ये (जोडी कशी लावायची त्या भागात) घालावी लागते. तीन वेळा तोच प्रश्न परत आला तेव्हा कुठे हात आपसूक तिकडे वळायला लागला. व्हिडिओंच्या अख्ख्या ढिगापेक्षा हा एक विभाग मला जास्त देऊन गेला.

आणि आता ऐका. हा विभाग प्रोग्रेस बारमध्ये धरतच नाहीत. अख्ख्या प्लॅटफॉर्मवर जिथे डोकं खर्च होतं, तिथल्या मेहनतीचे टक्के शून्य! व्हिडिओ ओढून शेवटाला न्या, टक्के घ्या. कोऱ्या खिडकीशी संध्याकाळभर झटा, बार जागचा हलणार नाही. कुणीतरी मीटिंगमध्ये बसून हे ठरवलं असेल ना?

कामाचं म्हणाल तर महिन्याचा रिपोर्ट आता एका क्वेरीवर निघतो, आधी अर्धा दिवस जायचा. डेटाच्या टीमसाठी बोलावलं तेव्हा सर्टिफिकेटची फाइल कुणी उघडली नाही. स्क्रीन शेअर करायला लावली, दोन टेबलं दिली आणि म्हणाले लिहा. निकाल यायचाय. ॲपबद्दल एवढंच: फोनच्या कीबोर्डवर क्वेरी लिहिणं ही शिक्षा आहे. शिकवणाऱ्या बाई मात्र छान, उगाच विनोद करत नाहीत.

तर साडेतीन तारे. अर्धा तारा त्या माणसाच्या उत्तराचा, एक ‘मार्गदर्शन बंद’चा. घ्यायचंच असेल तर वार्षिक प्लॅनच्या स्वस्ताईला भुलू नका. व्हिडिओंपुरते पैसे मोजायची गरजच नाही. एमआयटीने ओपनकोर्सवेअर, म्हणजे आपल्या कोर्सेसचं साहित्य, २००२ पासून फुकट ठेवलंय, आणि एसक्यूलाइट (एसक्यूएल चालवता येईल असा छोटा डेटाबेस) आपल्या मशीनवर काही न भरता चालतं, नोंदणीही लागत नाही. पैसे कशाचे द्यायचे तर आपली क्वेरी चूक आहे हे लगेच सांगणाऱ्या कोऱ्या खिडकीचे. त्यासाठी दोन-तीन महिने पुरतात. पहिल्या दिवशीच सेटिंगमध्ये जाऊन ते बटण दाबा, ऑटो-रिन्यूअल बंद करा, आणि सराव विभागात लिहिलेल्या आपल्या क्वेऱ्या वेळोवेळी कॉपी करून बाहेर ठेवत चला. एक्सपोर्टची सोय नाही, आणि सबस्क्रिप्शन संपलं की आपणच लिहिलेलं आपल्याला उघडता येत नाही.