जिम थॉर्पवरील श्राव्यमालिका : पदकांना चार भाग, फुटबॉलला दीड

अमेरिकी खेळाडू जिम थॉर्प याच्या आयुष्यावरील ही आठ भागांची मराठी श्राव्यमालिका मी दोनदा ऐकली. पहिल्यांदा कुतूहलापोटी आणि दुसऱ्यांदा हातात कागद-पेन्सिल घेऊन, कारण तारखांचा मेळ काही केल्या लागत नव्हता. निवेदिकेचा आवाज उत्तम आहे, ध्वनिमुद्रणही स्वच्छ आहे. तक्रार आहे ती मजकुराच्या वाटणीविषयी.

मराठी श्रोत्याला ‘फुटबॉल’ म्हटले की गोल चेंडू आणि जाळी आठवते. थॉर्पचा फुटबॉल हा लंबगोल चेंडू छातीशी धरून धावण्याचा आणि आडवे येणाऱ्यांना अंगावर घेण्याचा खेळ आहे, हे पहिल्याच भागात एका वाक्यात सांगायला हवे होते. ते न सांगितल्यामुळे १९११ मध्ये कार्लाइल या अमेरिकेतील मूळनिवासी मुलांच्या निवासी शाळेने हार्वर्डला १८-१५ असे हरवल्याचा सुंदर प्रसंग वाया जातो. थॉर्पने त्या सामन्यात चार फील्ड गोल मारले (चेंडू लाथेने खांबांमधून पार करायचा, प्रत्येकी तीन गुण), म्हणजे अठरापैकी बारा गुण एकट्याच्या पायाने मिळवले. तेव्हा टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या अखेरच्या रेषेपलीकडे नेण्याला, आजच्यासारखे सहा नव्हे, तर पाचच गुण आणि त्यानंतरच्या यशस्वी किकला एक गुण मिळत असे, हेही सांगितले असते तर उरलेला हिशेब श्रोत्याने स्वतःच केला असता.

स्टॉकहोमचे भाग मात्र मनापासून केलेले आहेत. १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन (पाच क्रीडाप्रकारांची एकत्रित स्पर्धा) आणि डेकॅथलॉन (दहा प्रकारांची) या दोन्हींत सुवर्णपदक, डेकॅथलॉनमध्ये ८,४१२ गुण, आणि स्वतःचे बूट हरवल्यामुळे पायांत घातलेले दोन वेगवेगळे बूट, हे सारे रंगवून सांगितले आहे. एक बूट सैल होता म्हणून त्या पायात जास्तीचे मोजे चढवल्याचा तपशील ऐकताना त्या दिवसाचे छायाचित्र शोधून पाहण्याचा मोह आवरत नाही, आणि श्राव्यमाध्यमाची मर्यादाही तिथेच जाणवते.

ऑलिंपिकपूर्वी नॉर्थ कॅरोलायनात तुटपुंज्या मोबदल्यावर बेसबॉल खेळल्यामुळे तो ‘हौशी’ म्हणजे पैसे न घेता खेळणारा उरला नाही, आणि ऑलिंपिक तेव्हा फक्त हौशींसाठीच होते, असे ठरवून १९१३ मध्ये पदके काढून घेण्यात आली. आक्षेप नोंदवण्याची तीस दिवसांची मुदत तेव्हा केव्हाच उलटून गेली होती. १९८२ मध्ये त्याला संयुक्त विजेता मानण्यात आले आणि एकमेव विजेतेपद परत मिळायला २०२२ साल उजाडावे लागले. या अन्यायाला चार भाग देणे समजण्यासारखे आहे, पण पैसे घेतले म्हणून दोषी ठरलेला हाच माणूस १९१५ मध्ये ओहायो राज्यातील कँटन शहराच्या कँटन बुलडॉग्ज या फुटबॉल संघाकडून सामन्यामागे २५० डॉलर उघडपणे घेऊ लागला, या विरोधाभासापाशी लेखक क्षणभरही थांबत नाही. माझ्या मते मालिकेचा कणा तिथेच सापडला असता.

व्यावसायिक फुटबॉलच्या वाट्याला जेमतेम दीड भाग येतो. सप्टेंबर १९२० मध्ये कँटनमधील मोटारींच्या एका दुकानात संघचालक जमले, बसायला पुरेशा खुर्च्या नसल्याने काही जण गाड्यांच्या पायऱ्यांवर टेकले, आणि पुढे ‘एनएफएल’ (अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलची मुख्य साखळी) या नावाने ओळखल्या गेलेल्या संघटनेचे अध्यक्षपद त्यांनी खेळत असलेल्या थॉर्पला दिले. त्याच्या नावाला वजन होते, कारभार चालवण्याशी त्याचे फारसे देणेघेणे नव्हते, आणि पुढच्याच वर्षी त्या जागी दुसरा माणूस आला. हा प्रसंग इथे चार मिनिटांत उरकला आहे. फक्त मूळनिवासी खेळाडूंचा ओरँग इंडियन्स हा संघ आणि वयाच्या चाळिशीनंतर १९२८ मध्ये शिकागो कार्डिनल्सकडून खेळलेला अखेरचा सामना यांची तर निव्वळ यादी वाचली जाते. याउलट बेसबॉलमधील सरासरी आणि सामन्यांच्या आकड्यांवर पाऊण तास खर्ची पडला आहे, जो मी दुसऱ्या खेपेस न ऐकता सरळ ओलांडला.

ज्यांना ही मालिका घ्यायची असेल त्यांनी सहावा भाग आधी ऐकावा आणि मग पहिल्याकडे वळावे. कँटनचा हा भाग मागचे-पुढचे भाग न ऐकताही समजतो, आणि तो आवडला नाही तर उरलेल्या सात भागांचे पैसे वाचतात, कारण भाग सुटे विकत घेण्याची सोय आहे.