कुलंट प्रेशर टेस्टर आणि यूव्ही डायचं किट : ८ महिने वापरल्यावर

आधीच सांगतो, हे किट हौस म्हणून नाही, वैतागून घेतलं. गाडीचं कुलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) दर तीन आठवड्यांनी बोटभर खाली जायचं आणि जमिनीवर एक थेंब दिसायचा नाही. गॅरेजवाल्याने आधी टाकीचं झाकण बदललं, मग वरचा होज (रबरी पाइप) बदलला, तिसऱ्या खेपेला म्हणाला वॉटर पंप उघडून बघू. आता पंपाच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की तिथूनच कुलंट झिरपतं आणि वाळून त्याचा थर धरतो. माझ्या पंपाचं ते भोक ठणठणीत कोरडं. म्हटलं राहू दे, आता मीच बघतो.

किटमध्ये काय येतं तर हातपंप, त्यावर काट्याचा गेज, पंधरा-एक अडॅप्टर (त्यातले आजवर तीनच कामाला आले), डायची बाटली (कुलंटमध्ये मिसळायचा, यूव्ही उजेडात चमकणारा रंग), छोटी यूव्ही टॉर्च आणि पिवळ्या काचांचा चष्मा. वापरायचं असं की इंजिन पूर्ण थंड असताना झाकण काढायचं, तिथे अडॅप्टर बसवायचा आणि झाकणावर जो आकडा छापलेला असतो तेवढंच प्रेशर भरायचं. माझ्या झाकणावर १.१ आहे, म्हणजे १.१ बार, गेजवर साधारण १६ पीएसआय. त्याच्या वर जायचं नाही, जुन्या रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाक्या अॅल्युमिनियमच्या जाळीला नुसत्या पत्र्याच्या दातांनी आवळलेल्या असतात, जास्त जोर लावलात तर एका गळतीच्या दोन होतील. आणि गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही हे माहीत असूनही लोक उघडतात म्हणून परत लिहितोय. आतलं पाणी दाबाखाली १०० डिग्रीच्या वर असलं तरी उकळत नाही, झाकण फिरवलं की सगळं एकदम उकळून तोंडावर येतं.

पहिल्या दिवशी माझी चांगलीच फजिती झाली. प्रेशर भरलं, दहा मिनिटांत काटा १६ वरून ११ वर. मला वाटलं चला, सापडली! अख्खं बोनेट तासभर चाचपलं, कुठेच ओल नाही. शेवटी कंटाळून अडॅप्टरवर साबणाचं पाणी सोडलं तर तिथेच बुडबुडे. किटबरोबर आलेली रबरी रिंग आधीच चिरलेली, म्हणजे गळत होता टेस्टरच. रिंग बदलली आणि काटा खिळल्यासारखा उभा राहिला, जे त्याहून वाईट, कारण आता गळतीच गायब!

मग डाय टाकला. इथे दुसरा गाढवपणा, ओतताना चार थेंब हातावर सांडले आणि त्याच हाताने मी सगळीकडे चाचपत बसलो. रात्री लाइट बंद करून टॉर्च मारली तर बोनेटचं हँडल, बॅटरी, फेंडर, माझी स्वतःची कोपरं, सगळं हिरवंगार चमकतंय. हातमोजे घाला आणि टाकीचं तोंड नीट पुसा. दुसरं म्हणजे काही कुलंट मुळातच यूव्हीखाली थोडं चमकतं, तेव्हा डाय टाकायच्या आधी एकदा टॉर्च मारून ठेवा, नाहीतर जुने डाग नवी गळती म्हणून धराल.

खरा उलगडा झाला तो वेळ बदलल्यामुळे. तोवर मी टेस्ट करायचो संध्याकाळी, गाडी फिरून आल्यावर तासाभराने, म्हणजे हात लावायला थंड पण आतून कोमटच. एकदा गाडी रात्रभर उभी ठेवून पहाटे प्रेशर भरलं आणि स्वस्थ बसून राहिलो. पंधरा मिनिटांत काटा १६ वरून १३ वर. टॉर्च मारली तर हीटरचे दोन होज जिथे इंजिनच्या मागे केबिनच्या भिंतीत शिरतात, तिथल्या खालच्या क्लिपखाली तांदळाच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका. बघता बघता तो फुगला, होजच्या पोटाखालून सरकला, गिअरबॉक्सच्या अंगावरून उतरला आणि खालच्या प्लास्टिकच्या कव्हरात गेला. म्हणून जमिनीवर थेंब नव्हता, सगळं त्या कव्हरात साठून वाळत होतं. क्लिपची स्प्रिंग सैल पडली होती, गरम असताना सगळं फुगून गच्च बसायचं, थंड पडलं की फट. ओल दिसली की तिथून वर वर जायचं, सगळ्यात वरची ओली जागा गाठायची, थेंब पडतो तिथे काही नसतं हे मला तेव्हा कळलं. नवी क्लिप दहा मिनिटांत बसली. त्याला आता पाच महिने झाले, पातळी केसभर हललेली नाही.

मधल्या काळात मित्राच्या गाडीवरही वापरलं. त्याच्या डाव्या सीटखालचा गालिचा ओला असायचा, तो म्हणे एसीचं पाणी. बोट लावून बघितलं तर चिकट आणि गोडसर वास, एसीचं पाणी असं नसतं. प्रेशर भरल्यावर काटा उतरला आणि बाहेर कुठेच थेंब नाही, हीटरचा छोटा रेडिएटर आत फुटलेला. त्याला आधी कोणीतरी गळती बंद करायची पावडर टाकायला सांगितलं होतं, बरं झालं टाकली नाही, त्या छोट्या रेडिएटरच्या बारीक नळ्या सगळ्यात आधी चोंदतात.

तक्रारी. गेजवर बारचे आकडे इतके बारीक की चष्मा लावूनही अंदाजच घ्यावा लागतो. पेटीची एक कडी दुसऱ्या महिन्यात तुटली. हातपंपाचा पाइप थंडीत लाकडासारखा कडक होतो. सोबतच्या टॉर्चचा उजेड अगदीच बेताचा, मी वेगळी घेतली. आणि हेड गास्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील) गेल्याचा संशय असेल तर नुसत्या या किटवर विसंबू नका, टाकीतल्या हवेत एक्झॉस्टचा गॅस येतो का हे बघायचं निळ्या द्रवाचं टेस्टर वेगळं मिळतं, गॅस असेल तर ते पिवळं पडतं.

आणि हो, टेस्ट करताना खाली सांडलेलं कुलंट लगेच पुसून धुऊन टाका. चवीला गोड असल्याने कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यातलं इथिलीन ग्लायकॉल त्यांना थोडंसं पोटात गेलं तरी मारतं. मी आता खाली पसरट ट्रे ठेवतो.