अपाचेचं मॉड-रिराइट: मराठी यूआरएलवाल्यांच्या नजरेतून

गुण आधीच देऊन टाकते: पाचापैकी साडेतीन. फुकट मिळतं म्हणून सवलत दिलेली नाही.

सांगलीत बसून मी वाचनालयं, दिवाळी अंक, एखाद-दुसरा मसालेवाला अशा छोट्या गिऱ्हाइकांच्या साइट सांभाळते. बहुतेक सगळ्या वर्डप्रेसवर, स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर. पत्त्याच्या शेपटीला प्रश्नचिन्ह आणि आकडे नकोत, 'वाचनालय/सभासद' असं सरळ वाचता यावं, हा गिऱ्हाइकांचा हट्ट, आणि मलाही तो पटतो. अपाचे या वेबसर्व्हरवर हे काम करतं मॉड-रिराइट हे त्याचं मॉड्यूल, आपण लिहिलेल्या नियमांप्रमाणे (रूल) पत्ता बदलून. राल्फ एंगेलशाल यांनी ते 1996 मध्ये लिहिलं आणि पुढच्याच वर्षी अपाचेला देऊन टाकलं. वय झालंय, पण कामाला चोख आहे. रुसलं की मात्र का रुसलं ते सहजासहजी सांगत नाही.

एका दिवाळी अंकाची साइट नव्या होस्टकडे हलवली (नाव लिहीत नाही) आणि नेहमीचं दुखणं सुरू झालं. होमपेज झकास उघडतं, आत कुठेही क्लिक केलं की 404, म्हणजे 'पान सापडलं नाही'. सपोर्टवाल्या दादांचं उत्तर ठरलेलं: "मॅडम, सर्व्हर ओके आहे, तुमच्याकडूनच काहीतरी इश्यू असेल." अशा वेळी रूलशी झटापट करण्याआधी मी एचटीअ‍ॅक्सेस फाइलच्या (साइटच्या फोल्डरमधली अपाचेची सेटिंग फाइल, रूल तिच्यातच लिहिते) पहिल्या ओळीत नुसतं 'आंबा' लिहून सेव्ह करते. साइटने 500 (सर्व्हरची एरर) दिला तर आनंद, म्हणजे फाइल वाचली जातेय. काहीच बिघडलं नाही, तर सर्व्हर त्या फाइलकडे ढुंकूनही बघत नाहीये. मग आतले रूल कितीही अचूक असोत. इथे आंबा बिनबोभाट पचला. अलाऊओव्हरराइड (ही फाइल मानायची की नाही ते ठरवणारी सर्व्हरची सेटिंग) 'नन' होतं. अपाचे 2.4 चं डिफॉल्टच ते आहे. आंब्याचा स्क्रीनशॉट पाठवल्यावर दादांनी ते 'ऑल' करून दिलं.

त्यानंतर इंग्रजी नावांची पानं उघडली, मराठी नाहीत. जुन्या अंकांसाठी आधीच्या डेव्हलपरने लिहिलेल्या रूलमध्ये फक्त ए ते झेड, आकडे आणि डॅश एवढ्यांनाच प्रवेश होता. 'दिवाळी' दारातच अडली. त्या जागी 'स्लॅश सोडून काहीही' असा पॅटर्न टाकला आणि काम झालं. मराठीवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: ब्राउझरमधून कॉपी केलेला टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेला पत्ता (देवनागरीचं असं टक्क्यांचं रूप म्हणजे एन्कोडिंग) रूलमध्ये चिकटवू नका. मॉड-रिराइट पत्ता आधी डीकोड करतं आणि मग पॅटर्नशी ताडून बघतं, त्यामुळे तो रूल कधीच लागू होत नाही. रीडायरेक्टच्या (वाचकाला दुसऱ्या पत्त्यावर पाठवणाऱ्या रूलच्या) उजव्या बाजूला चिकटवलात तर टक्क्याचं पुन्हा एन्कोडिंग होऊन 25 चा आकडा मध्ये घुसतो. दोन्हीकडे सरळ देवनागरी लिहा, फाइल यूटीएफ-8 मध्ये सेव्ह करा, बाकीचं ते बघून घेतं. आणि रीडायरेक्टची चाचणी 302 नेच (तात्पुरत्या) करा. 301 (कायमचा) ब्राउझर लक्षात ठेवतो आणि मग दुरुस्त केलेला रूलही चुकीचाच वाटत राहतो.

लांबलचक शीर्षकाचा पत्ता मध्येच तुटतो, त्याचं खापर मात्र मॉड-रिराइटवर फोडू नका. तो वर्डप्रेसचा हिशेब. तिथे स्लगला (पत्त्यातल्या पानाच्या नावाला) 200 कॅरेक्टरची मर्यादा आहे आणि एन्कोड झाल्यावर देवनागरीचं एकेक अक्षर 9 जागा खातं, काना-मात्राही वेगळे मोजून. नुसतं 'वाचनालय' 63 मध्ये जातं. संपादकांना आवडतात तशी शीर्षकं कुठून मावणार? स्लग हातानेच छोटा करायचा.

आता गुण कुठे कापले ते. अर्धा त्या सुरुवातीच्या स्लॅशसाठी. सर्व्हरच्या मुख्य कॉन्फिगमध्ये (सेटिंग फाइलमध्ये) पत्ता स्लॅशने सुरू होतो, एचटीअ‍ॅक्सेसमध्ये तो स्लॅश काढून मगच पॅटर्न तपासला जातो. तोच रूल इकडून तिकडे नेला की गप्पकन बंद. एरर नाही, काही नाही.

पूर्ण एक गुण लॉगसाठी (सर्व्हर लिहून ठेवतो त्या नोंदींसाठी), आणि तेही लॉग उत्तम आहे म्हणूनच. लॉगलेव्हल या सेटिंगमध्ये रिराइटला 'ट्रेस3' दिलं की कुठला पॅटर्न कुठल्या पत्त्याला लावला, जुळला की नाही, पुढे काय झालं, सगळं ओळीने दिसतं. देवनागरीच्या जागी बॅकस्लॅश-एक्सची रांग येते, तिची सवय होते. पण ही सेटिंग एचटीअ‍ॅक्सेसमधून देता येत नाही. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त गरज, त्या शेअर्ड होस्टिंगवाल्यालाच ती मिळत नाही. मी लॅपटॉपवर उबुंटूमध्ये तीच साइट उभी करून ट्रेस बघते आणि मगच रूल वर चढवते.

तुमचा होस्ट अपाचेऐवजी नुसतं एनजिनएक्स (दुसरा वेबसर्व्हर) वापरत असेल तर यातलं बरंचसं तुमच्या कामाचं नाही. तिथे एचटीअ‍ॅक्सेस चालतच नाही. त्याऐवजी सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये ट्राय-फाइल्सची एक ओळ लागते, आणि ती होस्टकडूनच घालून घ्यावी लागते.