असूसचं बायॉस फ्लॅशबॅक: मदरबोर्ड घेताना हे बटण बघाच

बायॉस म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणारं, मदरबोर्डवरच्या चिपमधलं सॉफ्टवेअर. त्याचं अपडेट मध्येच तुटलं की साधा मदरबोर्ड सुरूच होत नाही. असूसच्या ज्या बोर्डांना मागे फ्लॅशबॅकचं बटण आहे, तिथे ही धास्ती उरत नाही. प्रोसेसर आणि रॅम न बसवताही बायॉस भरता येतो. फक्त पॉवर सप्लाय जोडलेला हवा. जुन्या बायॉसवर नवा प्रोसेसर चालत नसेल, तर या सोयीची खरी किंमत कळते.

पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्येच फॉरमॅट करा. असूसच्या साइटवरून आपल्याच मॉडेलची बायॉस फाइल उतरवा आणि त्याच झिपमधल्या बायॉस रीनेमरने तिचं नाव बदला. कॉम्प्युटर बंद करून, खुणेच्याच यूएसबी पोर्टमध्ये पेन ड्राइव्ह लावून बटण तीन सेकंद दाबा. बटणाचा दिवा लुकलुकत राहिला तर काम चालू आहे. तो विझेपर्यंत हात लावू नका. पाच सेकंदांत स्थिर झाला तर फाइलचं नाव, फॉरमॅट किंवा पोर्ट चुकलंय. दिवे जाणाऱ्या भागात यूपीएस हवाच.

कंपनीने एक गोष्ट ठळक सांगायला हवी: विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर तो आधी सस्पेंड करा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बायॉस बदलला की टीपीएमला (कुलपाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या सुरक्षा चिपला) मशीन वेगळं वाटतं आणि विंडोज की मागतं. की नसेल तर डेटा गेलाच समजा.

नंतर रॅमचं एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) आणि पंख्यांची सेटिंग पुन्हा लावावी लागतात. विंडोजचं अपडेट त्याच बैठकीत करू नका; बिघाड झाला तर कशामुळे, ते कळत नाही.